अपुरी राहिलेली गोष्ट



दृढीकरण संस्काराच्या वर्गात एका मुलीजवळ जाडजूड इंग्रजी कादंबरी दिसली. मुखपृष्ठ काळे, त्यावर जळणारा किल्ला. आम्ही जरा रागानेच विचारले, "हे काय वाचतेस?" ती म्हणाली, "फादर, तीन भाग वाचले. सगळीकडे अंधार झालाय, राजपुत्र तुरुंगात आहे आणि चौथा भाग आलाच नाही. तो आता कायमचा तिथेच राहणार का?"

आमचा राग ओसरला. हा प्रश्न केवळ पुस्तकाचा नव्हता. अंबरनाथमध्येच अशी घरे आहेत, जिथे कारखाना बंद पडून नोकरी अर्ध्यावर सुटली, लेकीचे लग्न पाहण्याआधीच वडील गेले. आपली गोष्टही अंधारातच थांबणार का?

संत मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय उघडा. पहाटे तीन स्त्रिया कबरेकडे जातात. धोंड सारलेली असते. प्रभू उठला आहे, हा निरोप मिळतो. पण त्या थरथरत पळतात आणि भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातील दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत हे शुभवर्तमान इथेच, आठव्या वचनापाशी थांबते. पुढील वचनेही ख्रिस्तसभेने पवित्र शास्त्र म्हणून स्वीकारली आहेत. पण क्षणभर आठव्या वचनापाशी थांबून पाहा. त्या स्त्रिया कायमच्या गप्प राहिल्या असत्या, तर आज आपण मिस्सेला जमलो असतो का? लेखणी थांबली, तरी देवाचे कार्य चालूच राहिले.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेऊन पूर्ण केले. पुढे 1936 साली त्याही गेल्या आणि त्यांची 'स्मृतिचित्रे' अपुरी राहिली. ती त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पूर्ण केली. एकाचे अपुरे काम दुसऱ्याने प्रेमाने उचलले.

पालकांनो, मुलांच्या हातातले पुस्तक हिसकावून घेण्याआधी त्यांच्याजवळ बसा. त्यात काय आहे ते समजून घ्या. वयाला न शोभणारे असेल तर तसे स्पष्ट सांगा. परंतु अंधाराची गोष्ट वाचणारे मूल बहुधा उजेडच शोधत असते. अंधार तर गुड फ्रायडेलाही पडला होता.

युवक-युवतींनो, तुमच्या घरात कोणाचे काम अर्धे राहिले आहे? आजीची जपमाळ, काकांशी तुटलेले बोलणे, शेजारच्या आजारी माणसाची भेट? या आठवड्यात त्यातले एक हाती घ्या. ज्याने आपल्यात चांगले कार्य आरंभिले, तो ते पूर्णत्वास नेईल, असा संत पौलाचा विश्वास होता (फिलिप्पै 1:6). तोच आपलाही असो.

प्रभो, आमच्या अपुऱ्या गोष्टी तुझ्या हाती सोपवतो. आमेन.