चौदाव्या वर्षी मोठा?

बी.एड.ला आम्ही एरिक्सन यांच्या आठ अवस्था पाठ केल्या. १९५० साली त्यांनी त्या मांडल्या. पाचवी, साधारण बारा ते अठरा वर्षांची, ‘मी कोण?’ हे शोधण्याची. त्यासाठी मुलाला सवड हवी, असे ते म्हणत.

आमच्या तळोज्यात आठवीनंतर एक मुलगा एमआयडीसीच्या रस्त्यावर गॅरेजात लागला. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही चौदाव्या वर्षीच हात सोडतो. अब्बू आजारी. ‘सर, आता मी मोठा झालो,’ म्हणाला. आम्ही पाठ थोपटली! चुकलो का? घर सांभाळणे हीही ओळखच. पण ती त्याने शोधली नव्हती, अंगावर पडली होती.

परवा काळे हात पुसत आला आणि दहावीच्या सतरा नंबर फॉर्मची चौकशी करून गेला.