जात्यापाशी देव कशाला आला

तेरच्या गोरोबाकाकांची कथा महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. चिखल तुडवताना ते विठ्ठलनामात इतके बुडाले की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली गेलं तरी त्यांना कळलं नाही. मूल पुढे देवकृपेने परत मिळालं, आणि कीर्तनकार त्या जागी भक्तीचा महिमा गातो. पण रोजच्या कामात माणसाला समाधान कसं मिळतं, हा प्रश्न मनात धरून ही कथा ऐकली की ती अडचणीची होते. कामात तल्लीन व्हा म्हणजे आनंद आपोआप येईल, हा सल्ला हल्ली पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून सढळ हाताने वाटला जातो. गोरोबाकाका तल्लीन होतेच, फक्त चिखलात नव्हते. चिखल तुडवायचा तो माती एकजीव व्हावी आणि तळव्याला खडा लागला तर काढून टाकता यावा म्हणून. ज्याचं मन तळव्यात आहे त्याला बारीकसा खडाही कळतो. स्वतःला विसरायला लावणारी तल्लीनता भक्तीत थोर असेल, पण कामातलं समाधान तिच्यावर उभं नसतं. ते लक्षावर उभं असतं, आणि लक्ष देणारा माणूस स्वतःला विसरत नाही, उलट अधिक जागा होतो.

ॲरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स'मध्ये क्रियांचे दोन प्रकार केले आहेत. घर बांधणं ही अशी क्रिया की बांधून होईपर्यंत ती अपुरी, आणि पुरी झाली की संपलीच. पाहणं मात्र प्रत्येक क्षणी पुरं असतं. पाहतो आहे म्हणजे पाहिलं आहेच. या हिशेबाने स्वयंपाक, विणकाम, लेखन हे सगळं पहिल्या खात्यात जाईल, आणि मग समाधानाला शेवटपर्यंत थांबावं लागेल. घरकामाचं तर त्याहून वाईट, कारण तिथे शेवट येतच नाही. झाडलेली खोली संध्याकाळी पुन्हा केराची होते, घासलेली भांडी दोन तासांत परत मोरीत येतात. हॅना आरेंटने 'द ह्युमन कंडिशन'मध्ये (१९५८) अशा श्रमांना मागे काहीच न ठेवणारे श्रम म्हटलं, आणि टिकाऊ वस्तू घडवणाऱ्या कामाच्या खालची पायरी दिली. दोघांचं वर्गीकरण मान्य केलं तर घर चालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला समाधान येण्याची वाटच उरत नाही.

पण हे वर्गीकरण क्रियेकडे बाहेरून पाहतं. ज्वारीची भाकरी घ्या. दळण जुनं होऊन पिठाची विरी गेली असेल तर साधं पाणी चालत नाही, कढत पाणी घालावं लागतं. किती घालायचं हे कुठे लिहिलेलं नसतं. मळताना हाताला कळतं. थापताना कड चिरायला लागली की पीठ आणखी मळायला हवं होतं हे तिथल्या तिथे समजतं. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं ते फार लवकर नाही, फार उशिरा नाही. भाकरी पोटात गेल्यावर पुरी होईल हे खरं, पण यातला प्रत्येक निवाडा त्या त्या क्षणीच पुरा झालेला आहे. एकच काम हेतूच्या बाजूने अपुरं आणि निवाड्याच्या बाजूने पदोपदी पुरं असू शकतं, याकडे ॲरिस्टॉटलच्या त्या विभागणीत लक्ष जात नाही. गायकाचा पहाटेचा खर्जही तसाच. तो मैफिलीसाठी असतो हे कबूल, पण षड्ज लागला की नाही याचा निकाल मैफिलीची वाट पाहत नाही. लेखकाला हे मान्य करणं जड जातं, कारण त्याला छापील पुस्तकाची हाव असते. वाक्य बसल्याचं सुख मात्र ते खोडून पुन्हा लिहितानाच मिळालेलं असतं.

इथे गीतेचा आधार घेण्याचा मोह होतो, आणि तो घेताना एक घोटाळा हमखास होतो. फळाची आशा सोडायची म्हणजे काम कसं होतं याची फिकीर सोडायची, असा सोयीस्कर अर्थ लावला जातो. करपलेल्या भाकरीविषयी उदासीन राहणाऱ्याला कर्मयोगी कोण म्हणेल? अठराव्या अध्यायात स्वकर्माने ईश्वराची पूजा करायला सांगितलं आहे, आणि ज्ञानेश्वरांनी तिथे कर्मांचीच फुलं केली. देवाला वाहायचं फूल कुणी किडकं निवडत नाही. सोडायचा असतो तो फळावरचा मालकीहक्क. फळ चांगलं व्हावं ही तळमळ उलट वाढायला हवी. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत कर्माला मनाची जोड मिळाली की कर्माचा बोजा वाटेनासा होतो, असा विचार मांडला आहे. निव्वळ बाह्य कर्म यंत्रासारखं होतं, निव्वळ भावना हवेत राहते. मला हे बरोबर वाटतं. पण ते सांगणारा माणूस सूत कातणं आणि मैला उचलणं ही दोन्ही कामं स्वतः निवडून करत होता, ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

कारण सगळ्यात कठीण आक्षेप इथूनच येतो. ज्याने काम निवडलेलं नाही त्याला त्यात समाधान शोधायला सांगणं म्हणजे काय? डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिसंस्थेवर लिहिताना दाखवून दिलं की ती नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच उतरंड आहे. तीत माणसाच्या आवडीला आणि कुवतीला जागा नाही, आणि ज्या कामात मन नाही ते कार्यक्षमतेनेही होत नाही. गीतेतलं स्वकर्म वर्णाला बांधलेलं आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या फुलांनी ती गाठ सुटत नाही. घरातलंही तेच. बाईने स्वयंपाकात आनंद मानावा, हे बहुतेक वेळा ताटावर बसलेला माणूसच सांगत आला. आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. (घरात मिक्सर असताना कॅमेऱ्यासमोर पाटा-वरवंट्यावर चटणी वाटणाऱ्यांना तो लागू होत नाही. त्यांना वाटण सोडून उठण्याची मोकळीक आहे, आणि त्यांच्या आनंदातला निम्मा वाटा त्या मोकळिकीचा आहे.)

तरीही या आक्षेपाने समाधान खोटं ठरत नाही, हे जनाबाईवरून दिसतं. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो. दळण हीच तुझी पूजा आहे, असं सांगून तिला तिथेच बसवून ठेवणारा हा देव नाही. तो खुंट्याला हात लावतो, ओझं वाटून घेतो. ज्या कामात देवाला मदतीला यावं लागतं ते काम जड आहे, ही कबुली त्या कल्पनेत आधीच आलेली आहे. दासीपण गोड मानून घेतलं असतं तर सोबत्याची गरज पडली नसती. जनाबाईचं समाधान सोबतीतून आणि शब्दांतून आलेलं आहे, आणि ते शब्द तिचे स्वतःचे होते.

हीच गोष्ट नाव न ठेवता गेलेल्या हजारो बायकांनी केली. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पंढरीची वाट आहे, रामाने टाकलेली सीता आहे, सासरचा जाच आहे, आणि बाबासाहेबही आहेत. कामातला आनंद माणसाला गुंगीत ठेवतो, हा संशय या संग्रहापुढे टिकत नाही. जात्याच्या फेऱ्याची लय तीच, पण त्या लयीवर बाई विठ्ठल गाते, नवऱ्याच्या घराविषयीची तक्रार गाते आणि भीमरावही गाते. गोरोबाकाकांच्या कथेत मन कामापासून सुटून नामात गेलं. इथे मन कामाला धरून राहिलं, पसा वैरणाऱ्या हाताचं भान सुटलं नाही, आणि तरी तिथेच स्वतःचं काही घडवलं गेलं. घरकाम एकीकडे आणि सर्जन दुसरीकडे, अशी आपण केलेली विभागणी या बायकांनी कधी मानलीच नव्हती.

आणि गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्या डोक्यावर दळण घेऊन निघाल्या. त्यांना दोष देणाऱ्याने आधी पहाटे उठून पायली दळून पाहावी. पहाटेचं दळण गेलं तसं ओवीचं रोजचं ठिकाणही गेलं, हे नुकसान खरं आहे. पण त्यासाठी पुन्हा जातं मांडा असं म्हणण्याचा अधिकार दळून घेतलेलं पीठ खाणाऱ्याला नाही. दळणाऱ्या बाईला गिरणी हवी होती आणि ओवीही प्रिय होती, आणि यात तिला काही विसंगत वाटलं असेल असं मला वाटत नाही. समाधान दळणात आपोआप साठलेलं असतं तर ती गिरणीच्या वाटेला गेली नसती; नुसतं मानण्यावर असतं तर लाखभर ओव्या रचण्याची गरज पडली नसती.