ज्यावर बंदी होती, तेच औषध

कॅनडाच्या सरकारने १८८४ साली इंडियन कायद्यात दुरुस्ती करून पॉटलॅच हा गुन्हा ठरवला. पश्चिम किनाऱ्यावरच्या मूलनिवासींचं हे कार्य. नामकरण, लग्न, मृताचा शोक, वारसा, सगळं त्यातच होतं. यजमान साठवलेलं सगळं पाहुण्यांना वाटून टाकतो आणि ते दान घेणारा प्रत्येक जण साक्षीदार होतो. हे नाव आजपासून याचं, हे नृत्य त्या घराण्याचं, हे पुढे तो सांगू शकतो. मिशनऱ्यांना यात नुसती उधळपट्टी दिसली. पण बंदीचा घाव वर्मी बसला, कारण त्या समाजाचं दप्तर, न्यायालय आणि देवघर एकाच ठिकाणी होतं.

बंदी मोडून लोक पॉटलॅच करतच राहिले. १९२१ च्या नाताळात व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमर यांनी मोठं कार्य केलं. शिवणयंत्रं, ग्रामोफोन, मोटारबोटी, पिठाची पोती वाटली गेली. मग धरपकड झाली आणि ४५ जणांवर खटले भरले गेले. आरोप काय, तर भाषण केलं, नाच केला, भेटवस्तू उचलून पाहुण्यांपर्यंत नेल्या. सुमारे २० स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. ज्यांनी घराण्याचे मुखवटे सरकारजमा केले, त्यांची तुरुंगवारी टळली. आजोबांचा मुखवटा की आईची सुटका, यातलं एक निवडा, असं एखाद्या कुटुंबाला सांगणं किती क्रूर आहे! ते मुखवटे ओटावा, टोरांटो आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत गेले. जवळच अलर्ट बे इथे १९२९ मध्ये सेंट मायकेल निवासी शाळा उभी राहिली. मुलांना आपल्या संस्कृतीपासून तोडण्यासाठी काढलेल्या अशा शाळांतून देशभरात सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलं गेली. मातृभाषेत बोललं की शिक्षा व्हायची.

पुढे मूलनिवासींच्या वस्त्यांत दारू, मारझोड, आत्महत्या वाढल्या, तेव्हा सरकारी यंत्रणेने प्रत्येक गोष्ट सुटी करून पाहिली. यकृताचा आजार डॉक्टरकडे, भांडण पोलिसांकडे, मूल बालकल्याण खात्याकडे. यांचं मूळ एक असेल, हा विचार वस्त्यांमधूनच वर यायचा होता.

तो अल्कली लेकमध्ये मला सगळ्यात स्पष्ट दिसतो. ब्रिटिश कोलंबियातल्या या शुश्वाप वस्तीत घरोघरी दारू होती. १९७२ मध्ये फिलिस चेल्सी यांच्या लहान मुलीने आईबापांकडे घरी यायला नकार दिला आणि फिलिस यांनी बाटली सोडली. पाठोपाठ पती अँडी यांनीही सोडली, आणि ते वस्तीचे प्रमुख झाले. चोरटी दारू विकणाऱ्यांना त्यांनी हुसकून लावलं आणि मदतीच्या रोख पैशांऐवजी किराण्याच्या चिठ्ठ्या सुरू केल्या. दहा-बारा वर्षांत बहुतेक प्रौढ दारूमुक्त झाले. पण दारू सुटल्यावर रिकामी झालेली जागा भरायची कशाने? मग ढोल परतला, घामाची झोपडी परतली. वाकवलेल्या फांद्यांचा बुटका सांगाडा, वर ब्लँकेटं, मधल्या खड्ड्यात लाल तापलेले दगड. त्यांवर पाणी पडलं की अंधारात वाफ कोंडते आणि माणसं आळीपाळीने प्रार्थना करतात.

नंतर लाकोटा विदुषी मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या ऐतिहासिक आघाताची मांडणी केली. शोकविधीच बंद पाडले, तर शोक निचरणार कुठून, हा तिचा गाभा. दुःखाची लाज वाटणं त्यामुळे थोडं थांबलं.

मला मात्र त्याहून मोलाचं वाटतं ते मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांचं १९९८ चं संशोधन. त्यांनी ब्रिटिश कोलंबियातल्या १९६ आदिवासी समूहांमधल्या तरुणांच्या आत्महत्या तपासल्या. सरासरी भयंकर होती, पण निम्म्याहून अधिक समूहांत सहा वर्षांत एकाही तरुणाने जीव दिला नव्हता! फरक कुठे पडत होता? स्वशासन, जमिनीसाठीचा लढा, आपल्या हातातली शाळा आणि दवाखाना, सांस्कृतिक कार्याची जागा. २००७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भाषेचाही विचार केला. जिथे निम्म्याहून अधिक लोक आपल्या भाषेत बोलू शकत होते, तिथे तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण फारच कमी आढळलं.

ही यादी नीट वाचायला हवी. घामाची झोपडी आणि जमिनीचा दावा त्यात शेजारी बसतात. २०१५ मध्ये निवासी शाळांचा इतिहास तपासणाऱ्या कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने ९४ शिफारशी केल्या. त्यातली बाविसावी सांगते, की रुग्णाने मागणी केल्यास आरोग्यसेवेने पारंपरिक उपचार वापरावेत. शिफारस चांगलीच आहे. पण विधी औषधपत्रिकेवर आला आणि त्याचं यजमानपद इस्पितळाकडे गेलं, तर हाती फक्त वाफ उरेल, अशी मला काळजी वाटते.

आपल्याकडेही मेळघाटातली कोरकू आणि गडचिरोलीतली गोंडी मुलं आश्रमशाळेत मराठीतून अक्षरं गिरवतात. तिथला इतिहास कॅनडाचा नाही आणि हेतूही तो नाही. तरी मुलांच्या भाषेबद्दलचा निर्णय कोण घेतं, हे इथेही विचारलं पाहिजे.

अलर्ट बेच्या लोकांनी झगडून बरेच मुखवटे परत मिळवले आणि १९८० मध्ये उमिस्ता सांस्कृतिक केंद्र उघडलं. डॅन यांची कन्या ग्लोरिया क्रॅनमर वेबस्टर यांनी ते घडवलं, क्वाक्वाला या आपल्या भाषेची पाठ्यपुस्तकंही तयार करवली. मुखवटे काचेच्या पेट्यांत ठेवायचे नाहीत, असं तिथे ठरलं, कारण ते आधीच फार वर्षं कोंडलेले होते. शेजारची सेंट मायकेल शाळेची इमारत २०१५ पर्यंत उभी होती, मग तीही पाडली.