अंगठ्याची किंमत

हानि मोजल्याखेरीज न्याय देतां येत नाहीं. आणि मोजली म्हणजे ती कळलीच, असेंही नाहीं. जखमी मनुष्य न्यायासनापुढें उभा राहिला कीं ही अडचण पुढें येते.

१९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलें होतें. पुढें सुधारून घेतलेल्या त्या परिशिष्टांत कमाईच्या शक्तीची हानि अवयवागणिक मांडली होती: अंगठा गेल्यास शेकडा ३०, तर्जनी समूळ गेल्यास १४, मधलें बोट गेल्यास १२, अनामिका किंवा करंगळी गेल्यास ७. हें कोष्टक प्रथम वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो. देहाचा असा भाव ठरवावा काय, असा प्रश्न सहजच मनांत येतो. परंतु हा संताप घाईचा आहे. कोष्टक नसतें, तर मजुराच्या बोटाची किंमत मालकाच्या दयेवर किंवा वकिलाच्या वक्तृत्वावर अवलंबून राहिली असती. ज्याला आपलें दुःख मांडतां येत नाहीं, त्याच्या वतीनें निदान आंकडा तरी बोलतो.

मग कोष्टक अपुरें पडतें तें कोठें? आदिपर्वांतील एकलव्याचें उदाहरण घ्या. अंगठा कापून दिल्यावरही तो उरलेल्या बोटांनीं बाण सोडीत होता. मात्र पूर्वीची त्वरा राहिली नाहीं. न्यायवैद्यकाचा जाणता त्याचा हात तपासून म्हणेल, ‘हानि अंशतः.’ त्याचें म्हणणें खोटें नव्हे. पण ज्याचें सारें आयुष्य त्या त्वरेवर उभें होतें, त्याचें काय उरलें? देहाची हानि अंशतः आणि जीविताची हानि संपूर्ण, असें घडूं शकतें.

हा भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही ओळखला आहे. १९७५ सालीं त्याच्यापुढें एका सुताराचें प्रकरण आलें. कामावर असतांना पडून झालेल्या दुखापतीमुळें त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणें ही हानि अंशतःच ठरते, असें मालकाचें म्हणणें. सुताराला एका हातानें आपलें काम करतां येत नाहीं, या कारणास्तव न्यायालयानें ती संपूर्ण मानली. २०१० सालीं मोटार-अपघाताच्या एका खटल्यांत याच न्यायालयानें कामाची वांटणी अधिक स्पष्ट केली: देहाला व्यंग किती आलें, हें डॉक्टरनें सांगावें, त्यामुळें कमाई किती बुडाली, हें न्यायाधिकरणानें ठरवावें. तोच हात गेला तर सुताराचा वा मोटारचालकाचा धंदाच बुडेल. कारकुनाची नोकरी मात्र टिकूं शकेल.

येथें खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. नोकरी टिकली म्हणून त्या कारकुनाचें कांहींच गेलें नाहीं काय? मुलाला दोन्ही हातांनीं उचलून घेणें हें कोणत्याही पगारपत्रकावर नसतें. उलट, मजुरी हेंच माप धरलें तर जो थोडें मिळवितो, त्याचा अंगठाही स्वस्त ठरतो. वस्तुतः दोघांची वेदना सारखीच. १९२३ च्या कायद्यांत या वेदनेसाठीं रकानाच नव्हता. अपघाताच्या दाव्यांत वेदनेची आणि गेलेल्या जीवनसुखाची भरपाई निराळी धरतात, हें योग्यच होय. ती रक्कम कधींच पुरेशी नसते. पण मनुष्य म्हणजे केवळ कमावणारें यंत्र नव्हे, एवढी कबुली तींत असते.

म्हणून आंकडा टाकून देऊं नये, आणि त्याच्या आड लपूंही नये. डॉक्टरनें दयेपोटीं शेकडेवारी वाढविली किंवा भयापोटीं घटविली, तर तो साक्षीच्या धर्माला चुकला. आणि ती शेकडेवारी जशीच्या तशी निकालांत उतरवून न्यायाधीश मोकळा झाला, तर तो निःपक्षपाती दिसेल खरा. परंतु समोरचा मनुष्य काय करीत होता आणि आतां काय करूं शकणार नाहीं, हें विचारण्याचें आपलें काम त्यानें केलेलें नसतें.