सांध्यातली फट

जी चूक कोणालाच दिसणार नाही, तिला चूक म्हणावे काय? हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही, करवतीपाशी सापडला. म्हणून आधी करवतीची हकिगत सांगतो.

आपल्याच समाजातल्या एका वृद्ध बाईंच्या घरी, छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे नक्षीची लाकडी पट्टी बसविण्याचे काम माझ्याकडे आले होते. लहानपणी मुंबईच्या घरात त्यांनी तशी पट्टी पाहिलेली होती. इस्रायलमधल्या या फ्लॅटलाही ती असावी, एवढीच त्यांची हौस. दहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी, चार कोपरे. काम दिसायला किरकोळ!

पण ही पट्टी भिंतीला सपाट चिकटत नाही, कलती बसते. म्हणून कोपऱ्यावरचा तिचा काप एकाच दिशेने तिरपा घेऊन भागत नाही. पट्टी आडवी ठेवली तर करवत बाजूला वळवावी लागते आणि शिवाय पात्यालाही कलवावे लागते. अशा दुहेरी कापाची विजेची करवत मिळते. इथले कामगार तिला ‘गेरुंग’ म्हणतात, शब्द मूळचा जर्मन. भिंतीशी ३८ अंशांत बसणारी पट्टी असेल आणि कोपरा नेमका ९० अंशांचा असेल, तर करवत ३१.६ अंश वळवायची आणि पाते ३३.९ अंश कलवायचे. हे आकडे इतके ठरलेले आहेत की बऱ्याच यंत्रांवर त्यांची खूण केलेलीच असते. ३१.६ च्या खाचेत करवत ‘खट्’ करून बसते आणि माणसाला वाटते, झाले, आता चूक होणे नाही.

चूक होते ती इथेच. यंत्राला ९० अंश ठाऊक असतात, भिंतीला नसतात. गवंड्याचा हात, गिलाव्याचा थर, इमारतीचे वय, या सगळ्यांनी मिळून कोपरा घडलेला असतो. त्या घरातला एक कोपरा ९२ अंशांचा होता. तिथे ३०.७ आणि ३३.२ हे आकडे हवे होते, म्हणजे दोन्हींत एका अंशाचासुद्धा फरक नाही. पण मी कोपरा मोजलाच नाही, यंत्राच्या ‘खट्’वर विश्वास ठेवला. पट्ट्या वर चढवल्या तेव्हा मागे त्या एकमेकींना टेकल्या आणि पुढे, नेमक्या दिसणाऱ्या बाजूला, जवळजवळ तीन मिलिमीटरची फट राहिली.

शुक्रवारची दुपार होती, शब्बाथ येऊ घातला होता. बाई चहा ठेवायला आत गेल्या. मी अ‍ॅक्रिलची नळी काढली, फट भरली, बोटाने पुसली, वर पांढरा रंग फिरवला. बाई बाहेर आल्या, वर पाहून म्हणाल्या, “सोन्यासारखं काम केलंस रे!” मी चहा प्यायलो, पैसे घेतले आणि घरी गेलो.

त्या वेळी मनाची समजूत घालायला कारणे पुष्कळ होती. मजुरी मीटरवर मिळते, मोजत बसलो तर खायचे काय? गावाकडे आपण ‘चालतंय’ म्हणत होतो, इथे ‘यिह्ये बसेदेर’ म्हणतात, अर्थ एकच. शिवाय बाई खूश, मी खूश. नुकसान कोणाचे झाले?

पेसाह झाल्यावर दुसऱ्या एका कामासाठी त्यांच्याकडे गेलो. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत भेग पडली होती. लाकूड हवेप्रमाणे फुगते आणि आकसते, जाड भरलेले अ‍ॅक्रिल त्याबरोबर जात नाही, ते तुटते. मी काही बोलण्याआधीच बाई म्हणाल्या, “माझीच चूक बाबा. पेसाहच्या साफसफाईत काठीला ओलं फडकं बांधून फिरवलं. तू एवढं चांगलं करून दिलं होतंस, मी खराब केलं.”

वाचकहो, माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी मिळाले. झाकलेली चूक नाहीशी होत नाही, ती फक्त मालक बदलते. माझा दोष मी त्या बाईंच्या खात्यावर लिहून आलो होतो आणि त्या बिचाऱ्या तो महिनाभर वाहत होत्या.

वायिक्रा या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये अशी आज्ञा आहे. आपल्या विद्वानांनी तिचा अर्थ डोळ्यांच्या आंधळेपणापुरता ठेवला नाही. ज्या गोष्टीतले ज्याला कळत नाही, त्या गोष्टीत तो आंधळाच, असे ते सांगतात. सुताराच्या कामात घरमालक आंधळा असतो, औषधात रोगी, हिशेबात अडाणी. त्याच अध्यायाच्या शेवटी खोट्या मापांची मनाई आहे आणि तिथे लांबीचे माप वजनाच्याही आधी येते. मी तोवर समजत होतो की ती आज्ञा वाण्यांसाठी आहे!

मग फट भरणे हे पापच काय? तसेही नाही. कोणतीही भिंत पूर्ण सरळ नसते आणि केसाएवढी रेघ भरल्याशिवाय कोणाचेच काम पुरे होत नाही. दुरुस्ती आणि फसवणूक यांच्यामधली रेषा मात्र ओळखता येते. जी फट मालकाला बोलावून, दाखवून भरता येते ती दुरुस्ती. जी भरण्यासाठी मालक चहा करायला आत जाण्याची वाट पाहावी लागते ती फसवणूक. सामान तेच, हात तोच, फरक फक्त कोणाच्या देखत एवढाच.

आणखी एक गोष्ट त्या कोपऱ्याने शिकवली. चौकटीला चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक कापात अर्ध्याच अंशाची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटच्या सांध्यात चार अंशांची फट उघडते. आपण शेवटच्या सांध्याला दोष देतो, त्याने तर काहीच केलेले नसते. घरातली भांडणे, बापलेकांतले अबोले, अशीच अर्ध्या अर्ध्या अंशाने वाढत येतात. म्हणून नियम पाठ असणे पुरेसे नाही. समोरचा कोपरा किती अंशांचा आहे ते दर वेळी नव्याने मोजावे लागते, मग ती भिंत असो वा माणूस.

मी बाईंना खरे ते सांगितले. “मावशी, फडक्याचा दोष नाही. काप माझा चुकला होता आणि मी तो झाकला होता.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग खाली उतरव आणि नीट कर. चहा नंतर.”

नवा तुकडा आणला. कोपरा मोजला, त्याचे दोन समान भाग केले, आधी टाकाऊ तुकड्यांवर काप घेऊन कोपऱ्यात धरून पाहिले, मग खरी पट्टी कापली. पुरे एक तास गेला. सांधा बसला. तरी केसाएवढी रेघ राहिलीच. ती मी बाईंना शिडीजवळ बोलावून दाखवली आणि त्यांच्या देखत भरली. चहा त्यानंतर झाला.