वाट कशाची पाहायची

बसा. पाठ भिंतीला टेकवली तरी चालेल. धुळ्यातला मे महिना आहे, पंखा गरम हवाच फिरवतोय. हवं तर गच्चीवर चला. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. ठोके मोजू नका. नुसते लागू द्या. दिवसाकाठी लाखभर वेळा हे होतं, आणि त्यातलं एकदाही आपण सांगितलेलं नसतं.

आता ज्याचं ‘पंपिंग’ २० टक्क्यांवर आलंय, अशा माणसाशेजारी मनानं जाऊन बसा. (निरोगी हृदयाचंही ६०च्या आसपासच असतं. रिपोर्टवर ६० बघून हबकणारी माणसं कमी नाहीत.) त्याला आडवं होता येत नाही. उशीवर उशी, तिच्यावर तिसरी, तरी रात्री दोनला दम कोंडून तो उठून बसतो. सकाळी बायको घोट्यापाशी बोटानं दाबून बघते. खळगा पडतो, तो भरायला वेळ लागतो. दोन दिवसांत काट्यावर दोन किलो वाढले तर ते अन्नाचे नसतात, पाण्याचे असतात. म्हणून पाणी दिवसाला दीड लिटर, बाटलीत मोजून, आणि बाहेर ४३ अंश. मीठ कमी म्हणजे बिबडे बंद, लोणचं बंद, शेवभाजी बंद. इथं थोडं थांबा. तहान आठवून बघा. घसा सुकलाय, माठ हातभर अंतरावर आहे, आणि हात पुढे करायचा नाही.

औषधं पुरेनाशी झाली की डॉक्टर हृदय बदलायचं म्हणतात आणि मुंबईचं नाव काढतात. एका छातीतून काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसरीत धडधडायला लागावं लागतं. धुळ्याहून मुंबई रस्त्यानं सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात. फोन आल्यावर निघून भागत नाही. म्हणून माणूस आधीच तिकडे भाड्याच्या खोलीत जाऊन राहतो आणि वाट पाहतो.

कशाची? या प्रश्नापाशी जरा बसून राहा, उठू नका. आपण कुणाच्या तरी मरणाची वाट पाहतोय का, हे घरातल्या प्रत्येकाच्या मनात येऊन जातं; बोलत कुणी नाही. एकवीरादेवीला नवस बोलायचा, तर नेमकं काय मागायचं? मला वाटतं ही टोचणी खरी आहे, पण तिचा हिशेब चुकतो. ते मरण आपल्या मागण्यानं येत नाही आणि न मागण्यानं टळत नाही. हृदय देणाऱ्या घराशी आपला संबंध येतो तो सगळं होऊन गेल्यावर, तिथलं कुणी ‘हो’ म्हणतं तेव्हा.

त्या घराकडे सावकाश जाऊ. अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक. आत त्यांचा माणूस आहे. व्हेंटिलेटरवर छाती वर-खाली होतेय, हात कोमट आहे, मॉनिटरवर ठोके दिसताहेत. चार डॉक्टर मिळून ठरवतात की मेंदू मृत झाला आहे. तपासणी दोनदा होते, मध्ये किमान सहा तास जाऊ देतात. त्या सहा तासांत राहून बघा. कोमट हात हातात असताना तो माणूस गेला हे स्वतःला पटवायचं, आणि मग सही करायची.

मेंदूमृत्यूला कायद्यानं मृत्यू मानायला आपल्याकडे १९९४ उजाडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं. मुंबई मात्र त्याच्या कितीतरी आधी या वाटेला गेली होती. केपटाउनमधल्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदललं. रुग्ण काही तासच जगला. मुंबईत ते यशस्वी व्हायला ऑगस्ट २०१५ यावा लागला: पुण्याहून विमानानं आलेलं हृदय डॉ. अन्वय मुळे यांनी मुलुंडच्या फोर्टिसमध्ये बसवलं. सत्तेचाळीस वर्षं. शल्यविशारदांचे हात तर १९६८ मध्येही तयार होते. परकं हृदय शरीराला मानवून घेणारी चांगली औषधं नव्हती, आणि त्या बाकावरच्या माणसाला विचारायची रीत नव्हती. यातली दुसरी उणीव मला मोठी वाटते.

नवं हृदय बसवताना रक्तवाहिन्या जोडतात. मज्जातंतू जोडता येत नाहीत. मेंदूची तार तुटलेलीच राहते, निदान सुरुवातीला बराच काळ. स्वस्थ बसलं तरी ठोके ९०-१०० असतात. जिना चढताना ते लगेच वाढत नाहीत, रक्तातून ॲड्रेनलिन पोचेल तेव्हा काही मिनिटांनी वाढतात. बसल्यावरही लगेच उतरत नाहीत. कुकरची शिट्टी झाली की माणूस दचकतो, हृदयाला ते मागाहून कळतं. डोळे मिटून या उशिराची कल्पना करून बघा. तुम्ही घाबरलात, आणि छाती अजून शांत आहे.

त्याला चालायला सांगतात तेही असंच: आधी काही मिनिटं रमतगमत, मग नेहमीच्या चालीनं. गोळ्या ठरल्या वेळी, जन्मभर. त्या गोळ्या किडनीला जड जातात, म्हणून पाणी भरपूर प्या म्हणतात. बाटलीवरच्या रेघा बघून पिणाऱ्या माणसाला ते जमायला वेळ लागतो.