अधिकारी कोण?

वेदान्ताच्या प्रकरणग्रंथात आरंभीच विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी, म्हणजे ग्रंथ वाचायला पात्र कोण, हे सांगायची रीत आहे. मुलाच्या हाती कोणती कादंबरी द्यावी, हा प्रश्नही मुळात अधिकाराचाच. अमेरिकेतल्या शाळांनी तो आकड्यांवर सोडवायचा प्रयत्न केला. लेक्झाइल नावाच्या मोजपट्टीत वाक्यांची लांबी आणि शब्द किती प्रचलित आहेत हे पाहून पुस्तकाला आकडा मिळतो, मुलालाही चाचणीतून तसाच आकडा मिळतो आणि दोघांची जोडी जमवली जाते. पण याच मोजपट्टीवर जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’पेक्षा सोपी ठरते. जमीन सुटून देशोधडीला लागलेल्या कुटुंबाची व्यथा केवळ वाक्ये आखूड म्हणून लहान मुलांची होत नाही.

पात्रता मुलाच्या अंगी कायमची चिकटलेली नसते. ती त्या मुलाच्या आणि त्या विषयाच्या नात्यात असते, असे मला ठामपणे वाटते. 1988 साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या संशोधिकांनी मुलांना बेसबॉलच्या खेळावरचा उतारा वाचायला दिला आणि मैदानाच्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून तो खेळ मांडून दाखवायला सांगितला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी सरस ठरली. तीच मुले दुसऱ्या विषयावर मागे पडली असती. मग त्यांची ‘पातळी’ कोणती म्हणायची? वेदान्तानेही अधिकाऱ्याच्या लक्षणांत विवेकाबरोबर मुमुक्षुत्व, म्हणजे मोक्षाची तीव्र ओढ, धरली आहे. ती कुठल्याच चाचणीत उतरत नाही.

यावर शिक्षक म्हणतील, अक्षरे जुळवताना अडखळणाऱ्या मुलाला जाड कादंबरी दिली तर ते वाचनच सोडून देईल. हे खरेच आहे. ‘प्रथम’ या संस्थेने इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे मुलांचे गट पाडून शिकवले आणि त्याचा गुण आला. मात्र तिथे वाचायला शिकवायचे असते, गट बदलत राहतात. कादंबरीचे तसे नाही. ती मोठ्याने वाचून दाखवता येते, अर्धी कळली तरी पुरते, दोन वर्षांनी पुन्हा उघडता येते. ‘श्यामची आई’ची भाषा साधी आहे, पण त्यातले कर्ज, अपमान आणि आईचा मृत्यू पेलायला वाचनाचा वेग कामाचा नाही, आणि ते ज्या मुलाने घरात पाहिले आहे, त्याला एखादा अवघड शब्दही अडवत नाही.

अधिकाराच्या नावाखाली इथे स्त्रिया आणि शूद्र शतकानुशतके वेदांपासून दूर ठेवले गेले, ब्रह्मसूत्रांच्या भाष्यांतही शूद्रांना असे दूर ठेवण्याचे समर्थन झाले. म्हणून मला मुलाच्या कपाळी मारलेल्या पातळीची धास्ती वाटते. पुस्तकाच्या मलपृष्ठावर ती खुशाल छापावी, ग्रंथपालाची सोय होते. मात्र वाचनालयाच्या कार्डावर ती लिहिली की तिसऱ्या पातळीच्या मुलीला चौथ्या पातळीचे कपाट उघडायला कुणाची तरी परवानगी लागते.